हलता घास

चमचा ताटलीतून वर उठला आणि तोंडाकडे जाता जाता मध्येच थरथरला. झालं ते एवढंच. रविवारची दुपार होती. डिसेंबरातलं आदिलाबादचं कोवळं ऊन खिडकीतून लाल प्लास्टिकच्या बुटक्या टेबलावर पडलं होतं, आणि त्या टेबलाशी दोन वर्षांची विशाखा गळ्यात लाळेरं बांधून, मुठीत आखूड दांड्याचा चमचा धरून बसली होती. आज ती पहिल्यांदा सगळ्यांसमोर स्वतः चमच्यानं जेवणार होती. तिचा बाप हर्षदीप फोन धरून समोर उकिडवा बसला होता, आजी पंचफुलाबाई भिंतीला टेकून पाय लांब करून पाहत होत्या, आणि आई, मैत्री, स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होती. खिचडी घट्ट होती, चमच्याला धरून राहील अशी. मैत्रीनंच ती मुद्दाम तशी शिजवली होती. चमचा उठला, अर्ध्या वाटेवर आला, आणि विशूचं मनगट डावी-उजवीकडे बारीक, भराभर हललं. दोन शितं टेबलावर सांडली. मग चमचा तोंडात गेला, ओठ मिटले, आणि विशूनं मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. टाळ्या वाजल्या. मैत्रीच्या हातात तांब्या होता म्हणून ती टाळ्या वाजवू शकली नाही, असंच कुणालाही वाटलं असतं. तांब्यातलं पाणी मात्र आतल्या आत काठाला लागून वाजत होतं, आणि तो आवाज ती छातीनं दाबून धरत होती.

हर्षदीपनं लगेच व्हिडिओ लावून पाहिला. “पाह्य आई, कसा थरथरते हात! म्हातारीवानी.” पंचफुलाबाई हसल्या. “नवा हात हाय बाप्पा. वासरू उभं राह्यते तवा त्याचे पाय नाई का लटपटत?” त्यानं पुन्हा लावला. तोवर विशूनं दुसरा घास उचलला होता, तोही तसाच हलला, तिसराही. दुसऱ्यांदा व्हिडिओ पाहताना हर्षदीप हसला, तिसऱ्यांदा हसला नाही. फोन डोळ्यांजवळ नेऊन तो म्हणाला, “मैत्री, इकडं ये बरं. हे असं दररोज होते का?” ती म्हणाली, “पानी ठेवते आधी.” तांब्या खाली ठेवायला वाकली तेव्हा तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. ही तिची जुनी सवय होती, इतकी मुरलेली, की पाहणाऱ्याला वाटावं बाईचं बांगडीशी चाळा करणं चाललंय.

हे कधी सुरू झालं ते तिला ठाऊक होतं. पाटबंधारे खात्याच्या कचेरीत ती रुजू झाली त्या दिवशी बडेबाबूंनी रजिस्टर पुढं सरकवून ‘करा दस्तखत’ म्हटलं, आणि पेन कागदाला टेकायच्या आधी हवेतच कापायला लागलं. भीती असेल, नवी जागा आहे, असं तिनं मनाला सांगितलं. पण भीती गेली आणि थरथर राहिली. स्वस्थ बसलं की काही नाही. हात मांडीवर मेल्यासारखा शांत. काही उचलायला गेलं, कुणाला द्यायला गेलं, तोंडाशी न्यायला गेलं की तो जागा व्हायचा. त्यातून लोक पाहत असले की जास्तच. पुढं कचेरीत संगणक आले, हजेरी अंगठ्यावर गेली, आणि तिचं निभावलं. घरातही तिनं हळूहळू एक रीत बसवली. कप अर्धाच भरायचा. वाढताना पातेलं ताटाला टेकवायचं. कुणाकडे गेलं की ‘मी चहा नाई घेत’ म्हणायचं, कारण बशी वाजते. आणि चहा तर तिला जीव की प्राण. जेवायचं सगळ्यांच्या मागून, ओट्याआड खाली बसून, मान ताटावर वाकवून, म्हणजे घासाला फार प्रवास करावा लागत नाही. पंचफुलाबाई सुरुवातीला म्हणत, “आमच्यात नाई वो असं. बस ना आमच्यासंगं.” जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचलेली, निंदण-खुरपण केलेली ती बाई, सुनेनं मागून जेवावं हे तिला रुचत नव्हतं. पण मैत्री ‘मले भूकच उशिरा लागते’ म्हणायची. पुढं पुढं शेजारणी तिच्या मर्यादेचं कौतुक करू लागल्या, आणि ते कौतुक तिच्या अंगावर उसन्या लुगड्यासारखं राहिलं.

हर्षदीपला सांगायला हवं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर साधी गोष्ट होती. मग साधी राहिली नाही. एखादी गोष्ट सांगायची राहून गेली की तिच्यावर दर दिवसाचा एक थर चढतो, आणि शेवटी गोष्ट लहान उरते, थर मोठे होतात. शिवाय सांगायचं तर वडिलांपाशी यावं लागलं असतं. भीमपूरकडच्या एका गावात मराठी शाळेवर नागोराव मास्तर म्हणून ते नोकरीला होते. फळ्यावरची त्यांची अक्षरं वाऱ्यातल्या जोंधळ्यासारखी डोलायची. पोरं मागून हसायची, आणि त्या पोरांमध्ये मैत्रीही बसलेली असायची. गाव म्हणायचं, मास्तर पिऊन येते, म्हणून हात हालते. आणि ते खरंच प्यायचे. आई रडायची, भांडायची, बाटली फोडायची. मैत्री कॉलेजात असताना त्यांची कावीळ वाढली, पोट फुगलं आणि ते गेले. लग्नाची बोलणी झाली तेव्हा ‘पोटाच्या आजारानं गेले’ एवढंच सांगितलं गेलं. खोटं नव्हतं ते.

आणि आता विशूचा हात. मैत्रीनं त्या दुपारी भांडी घासता घासता पुन्हा पुन्हा तेच पाहिलं: मनगट, चमचा, दोन शितं. मास्तरांच्या हातातून आपल्या हातात, आपल्या हातातून हिच्या हातात. पण इतक्या लवकर? आपल्याला निदान बावीस वर्षं मिळाली होती. नळाच्या धारेखाली तिनं उजवा हात धरला. तो अगदी शांत होता. असा शांत असताना त्याचा तिला जास्त राग येई.

सोमवारी हर्षदीप विशूला शाळेत सोडून परत आला तो ऑफिसला न जाता वर आला. शाळा म्हणजे त्यांच्याच कॉलनीत एका तेलुगू मॅडमनं घरात चालवलेली लहान मुलांची शाळा. संक्रांतीनंतर मुलांनी आपापला डबा काट्या-चमच्यानं आपणच खायचा, आयाबाई भरवणार नाहीत, असा मॅडमचा नियम होता, आणि त्यापायीच हे सगळं शिकवणं सुरू झालं होतं. पंचफुलाबाईंनी तेव्हाच नाक मुरडलं होतं: “दोन वर्साच्या लेकराले काटे न् चमचे! आमी काय चमच्यानं मोठे झालो?” त्यांच्या हाताचा चिऊचा घास, काऊचा घास सुटणार म्हणून त्या रुसल्या होत्या. हर्षदीप चपला न काढताच म्हणाला, “मॅडम काय म्हने माहीत हाय? ‘बच्ची का हाथ हिलता, सर. एक बार डॉक्टर को बता लेव.’ म्हंजे तिथंबी होऊन राह्यलं. आपल्यालेच दिसलं असं नाई.” त्यानं कालपासून फोनवर वाचलं होतं. मेंदू, नसा, रक्तात काही कमी असणं, काय काय. तो वीज खात्यात होता; तारेत कुठं दोष आहे ते खांबाखांबावर चढून शोधायची त्याची सवय. “बुधवारची वेळ घेतली डॉक्टरची,” तो म्हणाला. “तू सुट्टी टाक.”

पंचफुलाबाई गव्हातले खडे वेचत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “तुमच्याकडं कोनाले व्हतं का वो असं?”

“नाई,” मैत्री म्हणाली.

तो शब्द तोंडातून इतका पटकन गेला की तिला स्वतःलाच त्याचा आवाज परका वाटला. खडे थाळीच्या काठावर पडत राहिले. मग पंचफुलाबाई सावकाश म्हणाल्या, “नाई, म्या आपलं इचारलं. भीमपूरकडची प्रयागबाई एकडाव बोलली व्हती, मास्तरचा हात हाले म्हने.”

आता काहीतरी बोलायला हवं होतं. हर्षदीप दारात उभा, त्याचे डोळे तिच्यावर. मैत्रीचे दोन्ही हात पदराखाली एकमेकांना धरून होते. “ते पेत होते,” ती म्हणाली. “बाबा दारू पेत होते. म्हनून हालत होता त्यांचा हात.”

या घरात हे ती पहिल्यांदाच बोलली. हर्षदीपनं मान खाली घातली; त्याला बिचाऱ्याला वाटलं, बायकोला आपण उगाच उघडं पाडलं. पंचफुलाबाईंनी थाळी बाजूला सारली, म्हणाल्या, “जाऊ दे मा. गेलेल्या मानसाचं काय.” दोघंही तिच्याशी इतकं हळुवार बोलले, की तिला तिथून निघून जावंसं वाटलं. न्हाणीघराचं दार लावून ती भिंतीला टेकली. बापाची दारू पुढं करून तिनं आपला हात मागं घेतला होता. आठवलं ते भलतंच: बाबा रोज सकाळी तिची वेणी घालून द्यायचे. भांग वाकडा व्हायचा, फणी टाळूवर टकटक आपटायची, आणि ती ओरडायची, “बाबा, हालू नका ना!” ते म्हणायचे, “मी कुठं हालतो माय, तूच हालून राह्यली.” त्या सकाळच्या वेळी त्यांच्या तोंडाला वास नसायचा. हे तिला माहीत होतं. नेहमीच माहीत होतं. मग त्या माहितीचं तिनं काय केलं होतं इतकी वर्षं?

मंगळवारी कचेरीतून ती लवकर निघाली. बाजार समितीकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्याला लागली होती, हवेत बारीक तंतू उडत होते, नाकात, पापण्यांवर बसत होते. ती घरी आल्यावर पंचफुलाबाई विहारात गेल्या; विशू नुकतीच झोपून उठलेली. मैत्रीनं दार लावून घेतलं. ती काय करणार होती ते तिनं दोन दिवस मनात घोळवलं होतं, आणि तरीही चोरी करायला निघाल्यासारखी तिनं कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली. तिनं विशूला खडू दिला. विशूनं जमिनीवर रेघ ओढली, लांबच लांब, बेफिकीर. रेघ कापली नाही. तिनं ठोकळे दिले. विशूनं एकावर एक रचले, चौथा ठेवताना जीभ बाहेर काढली, ठोकळा बसला, हात स्थिर. पेलाभर पाणी दिलं. विशूनं दोन्ही हातांनी धरून घटाघट प्यायलं. मैत्रीचा श्वास मोकळा होत होता आणि होत नव्हता. मग तिनं पपईच्या फोडी केल्या, ताटलीत ठेवल्या, बोथट टोकांचा काटा विशूच्या मुठीत दिला. विशूनं काटा फोडीत खुपसला, उचलला, सरळ तोंडात नेला. सरळ. रेघ मारल्यासारखा. दुसरी फोड, तीही सरळ. मैत्रीनं तिच्या हातून काटा काढून घेतला आणि चमचा दिला, चमच्यावर फोड ठेवली. चमचा उचलला गेला, अर्ध्या वाटेवर थांबला, आणि विशूनं तो हलवला.

थरथरला नाही. हलवला. जवळून पाहताना आता कळत होतं. भुवया किंचित चढलेल्या, नजर चमच्यावर, एखादं अवघड काम नीट पार पाडणाऱ्या माणसासारखी. हलवून झाल्यावर तिनं तो तोंडात घातला आणि आईकडे पाहिलं: बरोबर ना?

काटा हर्षदीपनं शिकवला होता. डोळ्याबिळ्यात जाईल म्हणून मैत्री काट्याला हात लावायला घाबरली, तेव्हा तो म्हणाला होता, मी शिकवतो, आणि संध्याकाळी तो विशूला मांडीवर घेऊन, स्वतः काट्यानं केळ्याचे तुकडे खाऊन दाखवत बसायचा. चमचा मात्र मैत्रीनं शिकवला. सासूबाई गच्चीवर ऊन खायला गेल्या की, ओट्याआड, जिथं ती स्वतः जेवायची तिथंच. एक चमचा विशूच्या हातात, एक आपल्या. ‘पाह्य विशू, असं. घ्यायचं, उचलायचं, असं, आ करायचं.’ घरात बाकी सगळे हातानं जेवत. चमच्यानं जेवणारं माणूस विशूनं आयुष्यात एकच पाहिलं होतं. आणि त्या माणसाचा घास तोंडाकडे जाताना हलायचा. रोज, न चुकता, शितं सांडत. लेकरानं धडा जसा दिला तसा घेतला, कानामात्रेचा फरक न करता.

मैत्री जमिनीवर बसली होती तिथंच बसून राहिली. आधी तिला हसू आलं. आजार नाही, काही नाही, नक्कल आहे! मग हसू अर्ध्यावरच थांबलं. सगळ्या जगापासून लपवायला ती ज्या आडोशाला जाऊन बसत होती, तिथं कुणीतरी समोर बसून नीट पाहत होतं. तिनं विशूला कुणी समजलंच नव्हतं. लेकरू म्हणजे भिंतीसारखं, समोर असलं तरी पाहत नाही. आता हर्षदीपला सांगितलं की उद्याचा डॉक्टर टळला. पण सांगायचं म्हणजे सगळंच. नुसतं ‘ती नक्कल करते’ म्हणून भागणार नव्हतं. कुणाची, हा प्रश्न लगेच मागोमाग होता. आणि त्याच्या मागं, काल त्या खड्यांच्या आवाजात बोललेलं वाक्य. संध्याकाळी हर्षदीप आला. तिनं त्याच्यापुढं ताट ठेवलं. तो म्हणाला, “घाबरू नको, काई नसन.” ती म्हणाली, “हो.” डॉक्टरच म्हणतील काही नाही, तिनं ठरवलं. डॉक्टर म्हणतील, घेऊन जा घरी. मग मी विशूला गुपचूप पुन्हा शिकवीन, किंवा हर्षदीपलाच चमचाही शिकव म्हणेन. कुणाला काही कळायचं कारण नाही.

पण डॉक्टर तसं म्हणाले नाहीत. ते पोक्त तेलुगू गृहस्थ होते. सीमेपलीकडून, यवतमाळकडून पेशंट येत असल्यानं मोडकं-तोडकं मराठी बोलत. त्यांनी विशूच्या हातात चमचा दिला तर तिनं तो फेकला आणि भोकाड पसरलं. ठोकळ्यांना हात लावला नाही. टॉर्च पाहून तर तिनं बापाच्या शर्टात तोंडच खुपसलं. मग डॉक्टरांनी हर्षदीपच्या फोनवरचा व्हिडिओ पाहिला, पुन्हा पाहिला, आणि चष्मा कपाळावर सरकवला. “झोपेत हलते? झटका वगैरे कधी?” “नाई, साहेब.” “फॅमिलीत कोणाला?” हर्षदीपनं मैत्रीकडे पाहिलं नाही, तिला अवघडू नये म्हणून त्यानं मुद्दाम दुसरीकडे पाहिलं, आणि म्हणाला, “नाई, साहेब.” तिच्यासाठी तो आपणहून खोटं बोलला, आणि जे झाकलं असं त्याला वाटलं, ती दारूनं हलणाऱ्या हाताची गोष्टच मुळात खोटी होती. डॉक्टर म्हणाले, “आधी ब्लड करू. मग पाहून हैदराबादला न्यूरोकडे पाठवतो. एवढ्या लहान वयात हे असं सोडून देणं बरं नाही.” त्यांनी घंटी वाजवली.

नर्स आली, तिच्या हातात ट्रे होता. तिनं विशूचा दंड धरून त्यावर रबरी पट्टी बांधली. विशू एकदम गप्प झाली. आता काय होणार ते न कळून तिनं आईकडे पाहिलं. ती नजर मैत्रीनं काल पाहिली होती. बरोबर ना? हर्षदीपनं लेकीचा हात सरळ धरला. नर्सनं कापसाचा बोळा फिरवला, स्पिरिटचा वास आला, आणि सुईवरचं टोपण निघाल्याचा बारीक आवाज झाला.

“थांबा,” मैत्री म्हणाली. आवाज निघालाच नाही. तिनं नर्सच्या आणि विशूच्या मध्ये आपला हात घातला, उजवा. तो सगळ्यांसमोर, ट्यूबलाइटच्या उजेडात, पानासारखा कापत होता. “तिले काई नाई झालं. हात माझा हालते. ती माझं पाहून करते.”

विशूनं तो हात ओळखीनं धरला.

डॉक्टरांनी नर्सला जायला सांगितलं. त्यांनी मैत्रीला दोन्ही हात पुढं पसरायला लावले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला; कागद फडफडला. एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायला लावलं. थोडं टेबलावर गेलं. कधीपासून, कसं, स्वस्थ बसल्यावर असतं का, सगळं विचारलं. ती उत्तरं देत होती आणि तिला जाणवत होतं की शेजारच्या खुर्चीवरचा माणूस श्वाससुद्धा बेतानं घेतोय. “वडिलांना होतं?” डॉक्टरांनी विचारलं. “होतं. पन ते पेत होते.” “प्यायल्यावर हात जास्त हलायचा, की थांबायचा?”

असा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. आणि उत्तर तर तिच्याजवळ होतं. ती आठ-नऊ वर्षांची असेल. चौदा एप्रिल, समाज मंदिरात बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावायचा मान मास्तरांना. काडी पेटली, पण वातीला भिडेना. ज्योत वातीच्या भोवती फिरत राहिली, काडी बोटांपर्यंत जळली, दुसरी पेटवली, मागं कुणीतरी फिसकन हसलं. पुढच्या वर्षी बाबांनी एका काडीत मेणबत्ती लावली. हात दगडासारखा. ती अभिमानानं जवळ गेली, आणि त्यांच्या तोंडाचा वास आला. घरी येऊन आईनं बाटली फोडली ती त्याच दिवशी. मैत्रीनं तो वास लक्षात ठेवला होता आयुष्यभर. तो स्थिर हात ठेवला नव्हता.

“थांबायचा,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली. “काही लोकांना थोडी घेतली की तेवढ्यापुरता थांबतो. मग तीच सवय. औषध नाही ते. त्यानंच माणूस जातो. तुमच्यासाठी गोळ्या आहेत. नसांच्या डॉक्टरला दाखवा. जिवाला धोका नाही.” हर्षदीप पहिल्यांदाच बोलला: “आन् लेकीले?” डॉक्टरांनी विशूकडे पाहिलं. “आज तिला काही नाही. पुढं येईल किंवा येणार नाही. घरात चालत येणारी गोष्ट आहे, आत्ता कोणी सांगू शकत नाही.”

स्कूटरवर विशू दोघांच्या मध्ये झोपून गेली. रेल्वे फाटक पडलं होतं. गाडी बंद करून हर्षदीप पुढंच पाहत म्हणाला, “मी काय परका होतो का?” तिनं विशूची कलंडलेली मान सावरली. मग तो म्हणाला, “आन् परवा तू बापाले दारुड्या म्हनलीस. आईसमोर. हे लपवाले.” मालगाडी आली. डबे एकामागून एक जात राहिले, जमीन पायाखाली हादरत होती, आणि मैत्रीला वाटलं, ही गाडी अशीच जात राहावी, फाटक उघडूच नये.

घरी त्यानं आईला सगळं सांगितलं, कमी-जास्त न करता, एखाद्या बिघाडाचा अहवाल द्यावा तसं. पंचफुलाबाईंनी ऐकून घेतलं. मग त्या मैत्रीजवळ येऊन बसल्या, तिचा हात आपल्या हातात घेऊन उलटा-पालटा करून पाहिला, कापसाचं बोंड पारखावं तसा. त्यांच्या बोटांना जुन्या ओरखड्यांचा खरखरीतपणा होता. “म्हनून चहा नाई पेत व्हय तू?” त्यांनी विचारलं. मैत्रीनं मान हलवली. “अन् म्या समदीकडं सांगत हिंडली, माझी सून चहाले शिवत नाई म्हून.” त्या हसल्या नाहीत. उठताना पुटपुटल्या, “मास्तरले कोनी डॉक्टर दाखोला नाई, बाप्पा.” ते मैत्रीला म्हटलं की हवेला, कळलं नाही.

संध्याकाळी दिवे लागल्यावर हर्षदीपनं लाल टेबल मधल्या खोलीत आणून ठेवलं. विशूला बसवलं, लाळेरं बांधलं, खिचडी वाढली, आणि स्वतः समोर खाली मांडी घालून दुसरा चमचा घेतला. मैत्री ओट्याशी उभी होती. “विशू, पप्पाकडं पाह्य,” तो म्हणाला. “घ्यायचं. उचलायचं. आ.” त्याचा चमचा ताटलीतून उठला आणि हवेतून सरळ, निवांत तोंडाकडे गेला. विशूनं पाहिलं. तिच्या कपाळावर आठी पडली. तिनं आपला चमचा खाली ठेवला, टेबलावरून वाकली, आणि बापाचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. “नाई पप्पा,” ती म्हणाली. “अशं.” आणि तिनं ते मनगट हलवलं, डावी-उजवीकडे, बारीक, भराभर, चुकणाऱ्याला समजावून सांगावं तसं. खिचडी त्याच्या मांडीवर सांडली. पंचफुलाबाईंचा घास हातातच राहिला.

हर्षदीपनं मनगट सोडवून घेतलं नाही. तो मांडीवरच्या शितांकडे पाहत राहिला, आणि मग मान वळवून मैत्रीकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग होता. आणखीही काही असेल, तिला नीट वाचता येईना.

“किती हालते?” त्यानं विचारलं. “मले दाखव.”

ती ओट्याजवळून बाहेर आली, टेबलाच्या तिसऱ्या बाजूला खाली बसली, आणि त्याच्या हातातला चमचा घेतला. डावा हात तिनं मांडीवर ठेवला, मनगटाकडे जाऊ दिला नाही. चमचा खिचडीत घातला, भरून उचलला, आणि दिव्याच्या उजेडात, तिघांच्या मधोमध, हलत होता तसाच धरून ठेवला.